नियम १६.२ आणि देवळालीचा बिबट्या

गोल्फ हा प्राणी-पक्षी बघायचा खेळ आहे, हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही? चाळिशी उलटली, सगळं आयुष्य नाशिकात गेलं. पक्षी बघायचे म्हणून थंडीत कुडकुडत नांदूरमध्यमेश्वरला जाऊन आले, काळविटांसाठी येवल्याजवळच्या ममदापूरच्या माळावर उन्हात करपले, काजव्यांसाठी भंडारदऱ्याच्या वाटेवर गाड्यांच्या रांगेत अडकले. आणि घरापासून अर्ध्या तासावर, देवळाली कॅम्पात, माझे सख्खे मामा पहाटे पहाटे मोर, मुंगूस, घोरपड आणि (सांगते, पुढे सांगते!) आणखी एका जनावराच्या वाटेवरून निवांत चालत होते. कुठे गेला होतात विचारलं की म्हणायचे, "काही नाही गं, जरा गोल्फ खेळून आलो."

काही नाही म्हणे!

खरं तर दोष माझ्या डोक्यातल्या गोल्फचा. गोल्फ म्हणजे पांढरे बूट, छोट्या बग्ग्या, बड्या लोकांचे सौदे आणि टीव्हीवर लागला की चॅनल बदलायचा खेळ. त्यातून आम्ही नाशिककर. आमच्या लेखी गोल्फ क्लब म्हणजे त्र्यंबक रोडजवळचं मैदान. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर गोल गोल फिरायचं, निवडणुकीत सभा ऐकायच्या, रणजी सामना आला तर डबा घेऊन जायचं. तिथे गोल्फची काठी पाहिलेला माणूस आज सापडणं कठीण. इंग्रजांच्या काळात मात्र नाशिक गोल्फसाठी नावाजलेलं होतं, रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब इथलाच. साहेब गेला, गोल्फ गेला, मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेऱ्यांचं नाव मिळालं. कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. त्यांच्या नावाच्या मैदानाला रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळे अजून 'गोल्फ क्लब' म्हणतात, हा इतिहासाचा विनोद मला दर वेळी तिथून जाताना हसवतो. असो. गोल्फकडे वळू.

मामा तोफखान्यातून निवृत्त झालेले. मृग लागून आठवडा झाला होता, रात्री पाऊस पडून गेला होता आणि मामींचा गुडघा दुखत होता, म्हणून त्यांच्या जागी चालायला मला नेलं. साडेपाचला निघालो. भगूरकडच्या बाजूला ढग इतके खाली होते की झाडांचे शेंडे दिसेनात. मामांच्या बॅगेत पंधरा-सोळा काठ्या असाव्यात असं मला वाटलं. मामांनी लगेच दुरुस्त केलं, "चौदा. त्याहून जास्त चालत नाहीत." फौजी माणूस.

पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, पोचलो तर टी रिकामी नव्हती. एक मोर उभा होता. पिसारा मिटलेला, मान वर, आणि आमच्याकडे असा बघत होता की ओळखपत्र दाखवा. मी मोबाइल काढायला गेले, तर मामा म्हणाले, "राहू दे. तो जाईल तेव्हा खेळू." आम्ही थांबलो! निवृत्त कर्नल, त्यांचे दोन मित्र, काठ्यांची बॅग वाहणारा कॅडीदादा आणि मी, पाच माणसं एका मोराची वाट बघत उभी. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मोर सावकाश उतरला, कुंपणाकडे गेला, आणि तिथून त्यानं जो टाहो फोडला तो ऐकून पलीकडच्या झाडांतून आणखी तिघा-चौघांनी उत्तर दिलं. मग मामांनी चेंडू मारला.

आता खेळाविषयी थोडं सांगते, नाहीतर मला काय सापडलं ते कळायचं नाही. अठरा होलचा एक राउंड म्हणजे सहा-सात किलोमीटर तरी चालणं, चारेक तास. बोलायचं हळू, कारण कुणीतरी मारायच्या तयारीत असतं. धावायचं नाही. दर काही मिनिटांनी थांबायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चेंडू जिथे गेला तिथे जायचं, आणि तो नेमका जिथे जायला नको तिथेच जातो: उंच गवतात, झाडाखाली, ओढ्याच्या काठाला, दगडांच्या कपारीशी. तिथे वाकून, गवत बाजूला सारून, डोळे बारीक करून शोधायचं. जंगलात गाइड पैसे घेऊन आपल्याकडून जे करून घेतो ते सगळं गोल्फ फुकट करून घेतो! हळू चाला, गप्प राहा, जमिनीकडे बघा. फेअरवे म्हणजे मधला बारीक कापलेला हिरवा पट्टा, ग्रीन म्हणजे होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ, रफ म्हणजे कडेचं वाढलेलं गवत, त्यापलीकडे झाडं, मध्ये कुठे तळं. मोकळं गवत, उंच गवत, झाडी आणि पाणी एकमेकांना लागून असलं की तिथे जीव जमतातच. आणि अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत इथे माणूस नसतो.

दुसऱ्या होलला गवत कापायचं यंत्र चाललं होतं आणि त्याच्यामागे गायबगळ्यांची वरात. यंत्र पुढे सरकलं की किडे उडायचे आणि बगळे टिपायचे. कोतवाल त्यांच्या डोक्यावरून सूर मारून वरच्या वर पळवायचा. वेडे राघू तारेवर बसून आपली पाळी येण्याची वाट बघत होते. जमिनीवर लाल मखमली मृगाचे किडे, लहानपणी काडेपेटीत जमवायचो तसले, मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते! मी गुडघ्यावर बसले. मामांचे एक मित्र पुटपुटले, "कर्नल, तुमची भाची पार खेळायला आलीय की प्रार्थनेला?"

आणि मग टिटवी.

मामांचा चेंडू रफमध्ये गेला होता. मी उत्साहानं पुढे निघाले, तर डोक्यावर टीट्-टी-ट्यू, टीट्-टी-ट्यू असा कल्लोळ. दोन टिटव्या. एक माझ्या कानाजवळून सूर मारून गेली, दुसरी पुढ्यात उतरून पंख ओढत लंगडायला लागली. बिचारी जखमी झाली म्हणून मी तिच्यामागे जाणार, तेवढ्यात कॅडीदादा ओरडला, "ताई, पाय नका उचलू! हायेत तिथंच ऱ्हावा. खाली बघा."

बघितलं. काही दिसेना. खडे, माती, सुकलेल्या शेणाचे दोन तुकडे. "बघा ना नीट." आणि मग एकदम दिसली. माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर, चार अंडी. घरटं असं नाहीच, जमिनीत जरासा खळगा, भोवती चार खडे. मातकट रंग, त्यावर काळपट ठिपके. चारही अंड्यांची निमुळती टोकं आत, जाड बाजू बाहेर. लांबीला गोल्फच्या चेंडूएवढीच, चारेक सेंटिमीटर. चेंडू पांढराशुभ्र, दुरून दिसावा म्हणून केलेला, आणि ही अंडी हातभरावरून दिसू नयेत म्हणून केलेली. दोन्ही एकाच गवतात शेजारी शेजारी! ती टिटवी लंगडत नव्हतीच, मला फसवून लांब नेत होती. मी चार पावलं मागे सरले तर लगेच ठणठणीत. कॅडीदादानं सांगितलं की उन्हाचा ताव असला की टिटवी तळ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. मी घरी येऊन पुस्तकात पाहिलं. पक्षी-अभ्यासकांनी हे नोंदवलेलं आहे. आपल्याकडे टिटवी ओरडली की म्हाताऱ्या माणसांना अपशकुन वाटतो. तिच्या दृष्टीनं अपशकुन आपण आहोत.

पण मला थक्क केलं ते मामांनी पुढे जे केलं त्यानं. त्यांचा चेंडू घरट्यापासून दोनेक फुटांवर होता. त्यांनी तो शांतपणे उचलला, बाजूला नेऊन टाकला आणि मारला. "चालतं असं?" "घरट्याजवळ चेंडू गेला तर दंड नाही. फार जुनी पद्धत आहे." आणि बॅगेच्या खिशातून एक छोटं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं.

वाचकहो, ते पुस्तक मी त्या रात्री एका बैठकीत वाचलं! गोल्फचे नियम. सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या दोन संस्था मिळून ते ठरवतात, २०१९ मध्ये त्यांची मोठी फेरमांडणी झाली. क्रिकेटमध्ये कुत्रा मैदानात आला की सामना थांबतो आणि प्रेक्षक शिट्ट्या मारतात. गोल्फमध्ये कुत्रा, कावळा, साप हे सगळे नियमात बसलेले आहेत. प्राणी म्हणजे 'बाहेरचा प्रभाव'. थांबलेला चेंडू प्राण्यानं हलवला किंवा पळवला, तर दंड नाही, होता तिथे परत ठेवायचा. पण प्राण्यानंच पळवला याची खात्री हवी, आणि खात्री म्हणजे किती? तर किमान ९५ टक्के! ग्रीनवरून होलकडे ढकललेला चेंडू पळत्या मुंगसाला लागला तर तो फटका धरायचा नाही, पुन्हा मारायचा. तोच चेंडू फेअरवेवरून जाताना बगळ्याला लागला तर पडेल तिथून पुढे. बिळात गेला, बिळाच्या उकरलेल्या मातीवर पडला, तर मोफत सुटका.

हे ९५ टक्क्यांचं कलम आम्ही सकाळीच प्रत्यक्षात आणलं होतं, मला तेव्हा माहीत नव्हतं इतकंच. मामांच्या मित्राचा सुरेख फटका फेअरवेच्या मधोमध पडला, थांबला, आणि झाडावरून एक डोमकावळा उतरला. दोन उड्या मारून जवळ गेला, मान तिरपी करून चेंडूकडे पाहिलं, आणि चोचीत धरून उडाला! अंडं समजला असणार. मी टाळ्या वाजवल्या. त्या गृहस्थांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी वर्णन करत नाही. पण कुणी वाद घातला नाही. चौघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसरा चेंडू त्याच जागी ठेवला, खेळ पुढे. कॅडीदादा म्हणाला की कावळ्याला चेंडू फुटत नाही, मग तो वैतागून कुठंतरी टाकून देतो, आणि पावसाळ्यानंतर गवत सुकलं की सापडतात.

आता नियम १६.२. या कलमाच्या मी प्रेमात आहे. 'धोकादायक प्राण्याची परिस्थिती.' विषारी साप, डंख मारणाऱ्या मधमाश्या, मगरी, आग्या मुंग्या, अस्वलं अशी उदाहरणं दिली आहेत. असं काही चेंडूजवळ असेल आणि खेळताना गंभीर इजा होऊ शकत असेल, तर दंडाविना सुरक्षित जागी जाऊन खेळा. पुढे एक धामण फेअरवे ओलांडून गेली, चांगली पुरुषभर लांब. मी श्वास रोखून उभी. कॅडीदादाला काही नाही. "धामणय ताई. उंदीर खाती." धामण बिनविषारी, म्हणजे तिच्यामुळे १६.२ ची सवलत मिळत नाही. त्याच जागी नाग किंवा घोणस असती तर मिळाली असती. म्हणजे या खेळात साप ओळखता येणं ही खेळाडूची पात्रता झाली की! शाळेत सर्पमित्र येऊन जे शिकवून जातात ते इथे थेट गुणपत्रिकेत उतरतं.

जगात तर याहून भारी प्रकार आहेत. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराकाठी किसुमूला न्यांझा क्लब आहे. १९५० मधला तिथला एक स्थानिक नियम प्रसिद्ध आहे: चेंडू पाणघोड्याच्या किंवा मगरीच्या धोकादायकरीत्या जवळ थांबला, तर सुरक्षित अंतरावर दुसरा चेंडू टाकावा, मात्र होलच्या जवळ सरकू नये. काय तो साहेब! समोर मगर आ वासून बसली आहे आणि याला काळजी, कुणी हातभर पुढे सरकून फायदा तर घेत नाही ना. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानात स्कुकुझाचं नऊ होलचं मैदान आहे, त्याला कुंपणच नाही.

मला वाटलं, त्यांच्याकडे पाणघोडे, आपल्याकडे टिटव्या. छान आहे, पुरे आहे. आणि मग बंकर आला.

बंकर म्हणजे वाळूचा खड्डा. चेंडू त्यात गेला की खेळाडूचा चेहरा पडतो. इथे चेंडू कुणाचा होता ते आता आठवतही नाही, कारण आम्ही सगळे काठावर उभे राहून दुसरंच बघत होतो. रात्रीच्या पावसानं वाळू दबून गुळगुळीत झाली होती, आणि तिच्यावरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पावलं गेली होती. सरळ रेषेत, घाई नसलेली. मी वाकले. चार बोटं, मागे गादी. गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे स्पष्ट. नखांची खूण नाही. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, मांजराच्या जातीतली जनावरं चालताना नखं आत ओढून घेतात, एवढं मला ठाऊक होतं. पण हे मांजर नव्हतं. माझ्या तळहाताचा बराचसा भाग त्या एका ठशात गेला असता. कडा इतक्या धारदार होत्या की वाळूचा कणही ढासळला नव्हता.

"वाघ," कॅडीदादा म्हणाला. गावाकडे बिबट्याला वाघच म्हणतात. "पाऊस दोनला उघडला. म्हंजी त्याच्यानंतरचा. नायतर ठसा पुसला असता." शेरलॉक होम्सनं घरी बसावं!

चेंडू ठशापासून वीतभर लांब होता. ठशातच असता तर? मी विचारलं, आणि मामांनी हसून सांगितलं: तसाच मारायचा. सुट्या पाऊलखुणेला बीळ म्हणत नाहीत, सवलत नाही. बिबट्या समोर बसला असेल तर १६.२. बिबट्या निघून गेला असेल तर नशीब तुमचं! बंकरमधून खेळून झालं की दाताळ्यानं वाळू सारखी करायची असते, मागच्यासाठी. मामांनी आपल्या पायांच्या खुणा पुसल्या आणि त्याच्या राहू दिल्या.

इथे जरा दमानं घेते, कारण उत्साहाच्या भरात खोटं चित्र उभं करायचं नाही. देवळाली, भगूर, वडनेर, दारणेच्या काठची गावं, इथल्या लोकांना बिबट्या ही मौज नाही. २०२५ मध्ये वडनेर दुमाला आणि आर्टिलरी सेंटरच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात दोन चिमुकली मुलं गेली. ऊस आला, उसात बिबट्याला बाराही महिने आडोसा मिळाला, माद्या उसातच पिल्लं घालायला लागल्या, आणि तोडणी सुरू झाली की सरीत पिल्लं सापडायला लागली. वन खाते ती पिल्लं संध्याकाळी त्याच जागी ठेवतं, आई येऊन घेऊन जाते. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नाही, नुसती शेती आणि वस्ती, आणि शंभर चौरस किलोमीटरमध्ये पाचेक मोठे बिबटे! त्यांच्या खाण्याचा अभ्यास केला तर सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा, ३९ टक्के. म्हणजे उकिरडा, उकिरड्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या. अत्रेय यांनीच माग काढलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या माळशेजला सोडल्यावर चालत मुंबईच्या कडेला पोचला होता, त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी सिनेमाही आला. हे मी सगळं वाचलं होतं. पण वाचलेलं एकीकडे, आणि चार तासांपूर्वी जिथून तो गेला तिथे ओल्या वाळूत हात टेकून बसणं एकीकडे.

गोल्फवर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे, तेही मला कळतं. सिन्नर-येवल्यात टँकरची वाट बघणारी गावं असताना हिरवळीसाठी पाणी ओतणं खटकतंच, आणि हिरवळीवर कीटकनाशकं फवारली की माझे मृगाचे किडे पहिले जाणार. नवी गोल्फ मैदानं काढा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण जी आहेत, जिथे कुणी इमारत बांधत नाही, जिथे जुनी झाडं आणि वाढलेलं रफ अजून उभं आहे, ती जागा नुसती खेळाडूंच्या नावावर नाही, हे मला दिसलं.

शेवटच्या होलांपर्यंत ऊन आलं होतं. एक घोरपड दगडावर अंग शेकत पडली होती, जवळून चेंडू गेला तरी जीभसुद्धा बाहेर काढली नाही. मुंगसाचं एक जोडपं ग्रीनच्या कडेनं एकामागे एक पळालं. मामांचा स्कोअर बरा झाला नाही. मी स्कोअरकार्डाच्या मागे माझी यादी लिहिली: मोर, गायबगळा, कोतवाल, वेडा राघू, टिटवी, डोमकावळा, धामण, घोरपड, मुंगूस, आणि सगळ्यात खाली, न दिसलेला बिबट्या. मामांच्या मित्रांनी ते कार्ड मागून घेतलं आणि त्यात दोन नावं वाढवली: ससा आणि खोकड. ते त्यांनी आधी कधीतरी पाहिलेले, इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं!

तर आता मी विचारत सुटले आहे, तुम्हीही विचारा. नात्यात, ओळखीत, सोसायटीत कुणी गोल्फ खेळणारं असेल तर त्यांना गाठा आणि म्हणा, मला काठी नको, नुसतं चालायला न्या. बहुतेकांना सोबत आवडते. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत गेलात तर रफमध्ये पाय टाकण्याआधी खाली बघा, टिटवीची अंडी असतात. उजाडल्यावर जा, अंधारात नको, आणि लहान मुलांचा हात सोडू नका. बिबट्याचा ठसा दिसला तर त्याच्या मागावर निघू नका. बिबट्या प्रत्यक्ष दिसला तर मोबाइल काढायचा तो फोटोसाठी नव्हे, वन विभागाच्या हॅलो फॉरेस्टला फोन लावण्यासाठी. नंबर १९२६, पैसे पडत नाहीत.